रूळ, वसाहत आणि उपनगर : भिलाईच्या प्रवासी रेल्वेसेवेचा इतिहास आणि मराठी वाङ्मयीन अवकाश

१. प्रश्नाची मांडणी

आधुनिक मराठी वाङ्मयात 'उपनगर' हा शब्द उच्चारला की मुंबईची लोकलगाडी डोळ्यांपुढे उभी राहते. चाकरमानी, मासिक पास, सकाळची ठरलेली गाडी, डब्यातील गट, संध्याकाळचे वर्तमानपत्र ही सारी सामग्री नवकथेपासून महानगरीय कवितेपर्यंत इतकी रुळली आहे की उपनगरी जीवन म्हणजे मुंबईचेच उपनगरी जीवन, हे समीकरण समीक्षेने फारसे तपासलेले नाही. परिणामी, जेथे माणसे रोज रेल्वेने कामावर जातात-येतात, परंतु ज्या प्रदेशाला 'उपनगर' हे नाव ना रेल्वेने दिले ना वाङ्मयाने, अशा प्रदेशांचा विचार आपल्या अभ्यासाबाहेर राहिला.

छत्तीसगडमधील भिलाई हे असे एक ठिकाण आहे. हावडा-नागपूर-मुंबई या मुख्य मार्गावर दुर्ग आणि रायपूर यांच्यामध्ये ते वसले आहे. दुर्ग ते रायपूर हे अंतर चाळीस किलोमीटरहूनही कमी आहे आणि तेवढ्यात भिलाई नगर, भिलाई पॉवर हाउस, भिलाई, देवबलोदा चरोदा, कुम्हारी, सरोना, सरस्वती नगर अशी स्थानके लागतात. स्थानकांची ही दाटी उपनगरी मार्गाला शोभणारी आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून देशभरच्या रेल्वेला रूळ पुरवले जातात, त्यात मुंबईच्या रेल्वेचाही समावेश होतो. तथापि भिलाईचा रोजचा प्रवासी रेल्वेच्या दफ्तरी 'उपनगरी' प्रवासी नाही.

प्रस्तुत निबंधात या विसंगतीचा इतिहास शोधण्याचा प्रयत्न आहे. प्रवासी गाडी कोणासाठी आखली जाते, यावर कोणाचे रोजचे जगणे दृश्य होते हेही काही अंशी ठरते, आणि जे दृश्य होत नाही ते सहसा लिहिलेही जात नाही, अशी येथील भूमिका आहे. नागपूर ते रायपूर या पट्ट्याचा मराठीशी दीर्घ संबंध असल्यामुळे हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला परका नाही.

२. मुंबईचा नमुना

तुलनेसाठी प्रथम मुंबईकडे पाहणे आवश्यक आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, तेव्हा ती उपनगरी सेवा नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा ओढा घाटावरच्या कापसाकडे होता. उपनगरी सेवेचा आरंभ मानला जातो तो १२ एप्रिल १८६७ या दिवसापासून. त्या दिवशी बी. बी. सी. आय. रेल्वेने विरार ते बॅकबे अशी दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक गाडी सुरू केली. त्यानंतर निर्णायक बदल झाला तो विजेमुळे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हा हार्बर मार्ग विजेवर चालू झाला, आणि ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेची गाडी आली.

या तारखा वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाच्या आहेत. विजेच्या गाडीमुळे फेऱ्या वाढल्या आणि वेळ नियमित झाली. नियमित वेळेमुळे रोज त्याच डब्यात तीच माणसे भेटू लागली. मासिक पासामुळे दूर राहणे मध्यमवर्गाला परवडले आणि गिरगाव-दादरचा वाचक हळूहळू पार्ले, ठाणे, डोंबिवलीपर्यंत पसरला. सायंदैनिके, मासिके व वाचनालयातून आणलेले पुस्तक यांना प्रवासाच्या तासाभराच्या अवधीने हक्काचा वेळ मिळवून दिला. अशा रीतीने लोकलगाडी हा मराठी लेखनाचा विषय तर झालाच, शिवाय त्या लेखनाच्या वाचनाची जागाही झाली. २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले, तेव्हा दीर्घकाळ झोपण्यापुरते मानले गेलेले उपनगर वाङ्मयीन केंद्र म्हणून मान्य झाले, असे म्हणता येईल.

रेल्वे आणि संस्कृती यांचे हे नाते जाणीवपूर्वकही घडवता येते. जपानमध्ये कोबायाशी इचिझो यांच्या कंपनीने १९१० मध्ये ओसाकाजवळ विजेची रेल्वे सुरू केली, मार्गालगत हप्त्यांवर घरे विकली आणि मार्गाच्या टोकाला असलेल्या ताकाराझुका येथे स्त्रियांचा नाट्यसंच उभा केला. त्या संचाचा पहिला प्रयोग १९१४ मध्ये झाला. गाड्या भरलेल्या असाव्यात म्हणून तेथे घरेही बांधली गेली आणि रंगभूमीही उभी राहिली. मुंबईत हे योजनेने झाले नाही, पण घडले ते याच जातीचे : गाडी आधी आली आणि तिच्यामागून वस्ती व वाचक आले. भिलाईत हा क्रम उलटा आहे, आणि त्याची कारणे मुख्य मार्गाच्या जन्मापासूनच दिसू लागतात.

३. धान्याची वाट

छत्तीसगडचा मराठीशी संबंध रेल्वेच्या शतकभर आधीचा आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम यांनी रतनपूर जिंकले. पुढे बिंबाजी भोसले यांनी तेथूनच या प्रदेशाचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि छत्तीसगड इंग्रजी अमलाखाली आले. या काळात सुभ्याचे अधिकारी, कारकून, पुरोहित व सैनिक यांच्या रूपाने मराठी कुटुंबे रायपूर, रतनपूर, बिलासपूर येथे स्थिरावली.

नागपूर-छत्तीसगड रेल्वे मात्र या कुटुंबांसाठी काढली गेली नव्हती. छत्तीसगड हा भाताचा प्रदेश होता. तेथील धान्य बाहेरच्या बाजारात नेणे व दुष्काळात हलवणे यासाठी सरकारने नागपूरहून पूर्वेकडे मीटर गेज मार्ग काढला, आणि तो १८८२ मध्ये राजनांदगावला पोहोचला. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग ताब्यात घेऊन ब्रॉड गेज केला आणि रायपूर, बिलासपूर या दिशेने पुढे नेला. १९०० मध्ये रायपूर ते धमतरी हा नॅरो गेज फाटा सुरू झाला, त्याचाही मुख्य हेतू धान्य व जंगलातील माल हाच होता. राजनांदगावला कापडगिरणी उभी राहिली ती याच मार्गाच्या आधाराने, आणि पुढे तिने 'बंगाल नागपूर कॉटन मिल्स' असे रेल्वेशी मिळतेजुळते नाव धारण केले.

म्हणजे आरंभापासून या मार्गावर प्रवासी हा मालाच्या मागून येणारा घटक होता. माणसांची गाडी मालगाडीला वाट देत चालणार, ही व्यवस्था येथे पुढील काळातही पुन्हा पुन्हा दिसते.

तरीही या मार्गाने एक वाङ्मयीन व्यवहार शक्य केला. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. त्याची छपाई आरंभी रायपूरला व नंतर नागपूरला झाली. संपादन एका गावी, छपाई दुसऱ्या आणि वाचक तिसऱ्या, अशी ही व्यवस्था रेल्वेच्या टपालाशिवाय चालणे कठीण होते. सप्रे मराठी भाषक होते. 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' यांना हिंदीत आणण्याचे काम त्यांनी केले. मराठी घरातून आलेला, नागपूर-रायपूर मार्गाच्या आधारे हिंदीत लिहिणारा लेखक हा या प्रदेशाचा एक वारंवार दिसणारा नमुना आहे. सप्रे हे त्याचे पहिले ठळक उदाहरण होत.

४. सीमा बदलली, मार्ग राहिला

भिलाईचा विचार करताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाई पोलाद कारखान्यासंबंधी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेश राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि १९५०च्या राजभाषा कायद्यानुसार त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, आणि छत्तीसगडमधील मराठी ही राजभाषेपासून घरभाषेवर आली. भिलाईची कोनशिला आणि पहिली भट्टी यांच्या मधल्या काळात हा बदल घडला.

रेल्वेने मात्र ही सीमा तशी मानली नाही. गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा ही महाराष्ट्रातील स्थानके ओलांडून गाडी बोरतलावला छत्तीसगडात शिरते आणि डोंगरगड, राजनांदगावमार्गे दुर्गला येते. राजनांदगाव व डोंगरगड ही स्थानके आजही रेल्वेच्या नागपूर विभागात मोडतात, दुर्ग-भिलाई रायपूर विभागात. म्हणजे रेल्वेच्या नकाशावरची विभागणी राज्याच्या सीमेपेक्षा पूर्वेकडे सरकलेली आहे. जुन्या प्रांताची एक खूण तीत टिकून राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

या मार्गाच्या दोन टोकांना मुक्तिबोध बंधूंचे लेखन उभे आहे, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाला विशेष महत्त्वाची वाटावी. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७-१९६४) १९४८ पासून दहा वर्षे नागपुरात होते. १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून गेले आणि आयुष्याची अखेरची वर्षे तेथेच राहून हिंदी कवितेला त्यांनी नवे वळण दिले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१-१९८४) नागपुरात प्राध्यापक होते. त्यांनी मराठीत कविता, कादंबरी व समीक्षा लिहिली आणि 'सृष्टि, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी त्यांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच घरातील, जवळपास सारख्याच वैचारिक निष्ठेचे दोन लेखक एकाच लोहमार्गावरील दोन गावी दोन भाषांत लिहीत होते. साहित्येतिहास त्यांना दोन वेगवेगळ्या ग्रंथांत ठेवतो. मार्गाच्या नकाशावर मात्र ते एकाच पानावर येतात.

थोरले मुक्तिबोध राजनांदगावला गेले तेव्हा पूर्वेला दुर्गच्या पलीकडे भिलाईचा कारखाना उभा राहत होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

५. गाडीवाचून वसलेले नगर

भिलाईची वसाहत आखताना रोजच्या रेल्वेप्रवासाची गरजच पडू नये, अशी तिची रचना होती. कारखान्याच्या दाराशी सेक्टर, सेक्टरमध्ये क्वार्टर, शाळा, बाजार, दवाखाना; कामगार सायकलवर बसला की पाळीच्या वेळेपर्यंत फाटकात पोहोचावा. सोव्हिएत औद्योगिक नगरांशी या कल्पनेचे नाते उघड आहे. काम आणि घर यांच्यातील अंतर मिटवणे हा या आखणीचा अभिमानाचा भाग होता. मुंबईच्या चाकरमान्याला जे अंतर रोज कापावे लागे, तेच भिलाईने नकाशावरून पुसून टाकले.

रेल्वे येथे आली ती प्रामुख्याने कारखान्यासाठी. दुर्गहून दक्षिणेला मरोदा, गुंडरदेही, बालोद यांवरून दल्ली राजहरा येथील लोहखाणींपर्यंत मार्ग बांधला गेला. चरोद्याजवळ मालगाड्या जोडण्या-तोडण्याचे मोठे यार्ड झाले. १९६०च्या दशकापासून येथे रूळ तयार होऊ लागले. सत्तरच्या दशकात बिलासपूरकडून भिलाईपर्यंत विद्युतीकरण झाले आणि १९९०च्या दशकाच्या आरंभी ते नागपूरपर्यंत पोहोचले. मुंबईत विजेचे आगमन म्हणजे वाढलेल्या प्रवासी फेऱ्या असा अर्थ होता. येथे विजेचा पहिला अर्थ जड मालगाडी हा होता.

या रचनेचे वाङ्मयीन परिणामही संभवतात. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे, बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, भोजपुरी भाषक आणि मूळचे छत्तीसगडी यांची सरमिसळ सेक्टरच्या वस्तीत झाली. मराठी माणसाने गणेशोत्सव आणि मंडळे उभी केली. मराठी नाटक, व्याख्यान, हळदीकुंकू यांतून भाषा टिकली. पण ही भाषा उत्सवाची होती. रोजच्या व्यवहारात हिंदी आणि कारखान्याची इंग्रजी मिसळलेली बोली होती. मुंबईत डब्यातील तासाभराचा काळ मराठी वाचनाला मिळाला. भिलाईत सायकलवरील दहा-पंधरा मिनिटांत वाचनाला जागा नव्हती. एखाद्या समूहाची वाङ्मयीन निर्मिती केवळ यामुळे ठरते असे नव्हे. प्रकाशनाची केंद्रे, शिक्षणाचे माध्यम, राज्याची भाषा ही अधिक बलवान कारणे आहेत. तथापि वाचनाच्या सवयीला लागणारा रोजचा, सामायिक, ठरलेला वेळ हाही एक घटक आहे आणि तो सहसा गणनेत घेतला जात नाही.

६. योजनेबाहेरचे लोक

वसाहतीच्या आखणीत सर्वांना जागा नव्हती. कायम नोकरदाराला क्वार्टर मिळाले. कंत्राटी कामगार, पूरक कारखान्यांतील मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, भाजी-दूध विकणारे हे सारे पॉवर हाउस, सुपेला, खुर्सीपार, चरोदा, कुम्हारी अशा वस्त्यांतून आणि आसपासच्या गावांतून राहिले. कारखान्याच्या भोवती आणि दुर्ग-रायपूर पट्ट्यात खाजगी उद्योग वाढले, तसा हा वर्ग वाढला. रोजच्या रेल्वेप्रवासाची खरी गरज याच वर्गाला होती. पॅसेंजर गाडी हे त्यांचे वाहन झाले. म्हणजे मुंबईत उपनगरी प्रवासाचा चेहरा प्रथम मध्यमवर्गाचा होता, भिलाईत तो योजनेबाहेर राहिलेल्यांचा आहे. दोन ठिकाणच्या वाङ्मयीन दृश्यतेत जो फरक पडला, त्याचे एक मूळ येथे सापडते.

या वर्गाची नोंद इतिहासात झाली ती संघर्षाच्या निमित्ताने. दल्ली राजहराच्या खाणकामगारांत संघटन उभारणारे शंकर गुहा नियोगी १९९० च्या सुमारास भिलाईच्या खाजगी उद्योगांतील कामगारांकडे वळले. हे आंदोलन भिलाई, कुम्हारी, उरला, टेडेसरा असे लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाली. कामावरून काढलेल्यांना परत घ्यावे व इतर मागण्या मान्य व्हाव्यात यासाठी १ जुलै १९९२ रोजी कामगार, स्त्रिया व मुले यांनी भिलाई पॉवर हाउस स्थानकाजवळ रुळांवर ठाण मांडले. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात अनेक कामगार मृत्युमुखी पडले.

त्याच वर्षी ५ मे रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीची लोकल सुरू केली होती. दोन्ही घटनांत रेल्वे ही कष्टकऱ्यांच्या रोजच्या जगण्याची जागा आहे. मुंबईत वाढत्या गरजेला सेवेच्या बदलाने उत्तर मिळाले. भिलाईत लोक रुळांवर आले ते गाडीसाठी नव्हे, कामासाठी, कारण साऱ्या औद्योगिक पट्ट्याला जोडणारी आणि साऱ्यांना दिसणारी जागा तीच होती. पॉवर हाउस स्थानकाचे नाव आज स्थानिक कामगारांच्या स्मृतीत एका तिथीशी जोडलेले आहे. या घटनेभोवतीचे लेखन मुख्यतः हिंदी, बंगाली व इंग्रजीत झाले, पत्रके व गीते छत्तीसगडीत. मराठी साहित्याने गिरणीकामगारांच्या संपाला जसे स्थान दिले, तसे नागपूरहून एका रात्रीच्या प्रवासापेक्षाही जवळ असलेल्या या घटनेला दिलेले दिसत नाही.

७. एका शब्दाची किंमत

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी झाली. २००३ मध्ये बिलासपूर येथे मुख्यालय असलेला दक्षिण पूर्व मध्य रेल्वे हा स्वतंत्र विभाग अस्तित्वात आला आणि रायपूरला त्याचा मंडल झाला. राजधानीमुळे दुर्ग-भिलाईहून रायपूरला रोज जाणाऱ्यांत आता कारकून, विद्यार्थी, वकील, दुकानांतील नोकर यांचीही भर पडली. जुन्या पॅसेंजर गाड्यांची जागा हळूहळू मेमू गाड्यांनी घेतली. लोकांच्या तोंडी या गाडीचे नाव 'लोकल' असेच आहे. नवरात्रात डोंगरगडच्या बम्लेश्वरीसाठी जादा थांबे व वाढीव फेऱ्या दिल्या जातात, तेव्हा राजनांदगाव-दुर्गचा हा मार्ग खरोखरच उपनगरी मार्गासारखा वाहतो.

पण लोकांचे 'लोकल' आणि रेल्वेचे 'उपनगरी' हे दोन शब्द एक नव्हेत. रेल्वेच्या हिशेबात उपनगरी प्रवासी म्हणजे मुख्यतः मुंबई, कोलकाता व चेन्नई येथील प्रवासी. या शब्दाची किंमत किती, हे महासाथीच्या काळात दिसले. मार्च २०२० मध्ये देशभरची प्रवासी वाहतूक थांबली. मुंबईत १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाली आणि पुढे ती सर्वांसाठी खुली झाली तेव्हाही दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपयेच राहिले. इतरत्र पॅसेंजर व मेमू गाड्या परतल्या त्या 'विशेष' म्हणून, आणि त्यांचे किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पूर्ववत १० रुपयांवर आले. कुम्हारीहून रायपूरला जाणाऱ्या मजुराच्या दृष्टीने हा फरक एका वेळच्या जेवणाचा होता.

२०२२ मध्ये दुसरी गोष्ट घडली. कोळशाच्या टंचाईच्या काळात मालगाड्यांना वाट मोकळी करण्यासाठी छत्तीसगडमधील अनेक प्रवासी गाड्या रद्द झाल्या आणि तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी त्यास जाहीर आक्षेप घेतला. देशाच्या विजेसाठी कोळसा हलवणे आवश्यक होते, ही रेल्वेची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. परंतु १८८२ पासून चालत आलेला क्रम तोच राहिला : मालाला पहिली वाट, माणसाला दुसरी.

विस्ताराची चिन्हेही आहेत. लोहखनिजासाठी दल्ली राजहराहून रावघाटकडे मार्ग वाढवला जात आहे. २०१६ पासून तो टप्प्याटप्प्याने गुदुम, भानुप्रतापपूर, केवटी असा पुढे सरकला आणि २०२२ मध्ये प्रवासी गाडी अंतागडला पोहोचली. येथेही आधी खनिज आणि मागून प्रवासी हाच क्रम आहे, तरी बस्तरच्या वेशीवरील गावांना दुर्ग-भिलाईशी जोडणारी गाडी मिळाली, हे लहान यश नव्हे. रायपूर-धमतरी या जुन्या नॅरो गेज मार्गाचा रायपूर शहरातील भाग बंद होऊन तेथे रस्ता झाला. त्याऐवजी मंदिर हसौदवरून नव्या रायपूरमार्गे ब्रॉड गेज मार्ग आला, आणि ३० मार्च २०२५ रोजी रायपूर ते अभनपूर मेमू सेवा सुरू झाली. मालाऐवजी राजधानीतील माणसे डोळ्यांपुढे ठेवून आखलेली ही या भागातील प्रमुख सेवा म्हणावी लागेल. २०२५ मध्येच छत्तीसगड विधानसभेने राज्य राजधानी क्षेत्र विकास प्राधिकरणाचा कायदा संमत केला. त्यात रायपूर, नवा रायपूर आणि दुर्ग-भिलाई यांचा एकत्र विचार आहे. पश्चिमेला राजनांदगाव ते नागपूर या २२८ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गाचे काम हाती घेण्यात आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने गोंदिया ते डोंगरगड या ८४ किलोमीटरच्या चौथ्या मार्गाला मान्यता दिली. मालगाडीसाठी वेगळी वाट झाली तर माणसांच्या गाडीला वेळ पाळता येईल. उपनगरी सेवेचा पाया फेऱ्यांच्या संख्येइतकाच वेळेच्या खात्रीत असतो, हे मुंबईच्या इतिहासाने दाखवले आहे.

८. समारोप

१९८१ मध्ये रायपूर येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि गंगाधर गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. मुंबईच्या मध्यमवर्गीय जीवनाचा हा कथाकार पुढे 'प्रारंभ' या कादंबरीत जगन्नाथ शंकरशेट यांच्या काळातील मुंबईकडे वळला. महानगराचे वाङ्मय आणि छत्तीसगडचा मराठी समाज यांची ती अधिकृत भेट होती. पण ती संमेलनापुरती राहिली. रायपूर-भिलाईचे रोजचे जगणे मराठी वाङ्मयाचा विषय झाले नाही, आणि ज्या मराठी घरांतून लेखक निघाले त्यांतील महत्त्वाचे लेखक हिंदीत गेले.

यास केवळ भाषेची हार म्हणणे पुरेसे होणार नाही. सप्रे आणि गजानन माधव मुक्तिबोध यांनी हिंदीला जे दिले, त्यात या मार्गावरील दुभाषिक जगण्याचा वाटा आहे, आणि त्या अर्थाने ते मराठी वाङ्मयेतिहासाचेही विषय आहेत. तौलनिक साहित्याभ्यासाने आजवर भाषांना एकक मानले, फार तर राज्यांना. एखादा लोहमार्ग हे एकक मानले, तर नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, भिलाई, रायपूर यांचे मराठी, हिंदी, छत्तीसगडी लेखन एकत्र वाचता येईल, आणि कामगारांची पत्रके व गीतेही त्या वाचनात आपोआप येतील.

मुंबईच्या उपनगराला गाडीने वेळ दिला, वेळेने वाचक दिला आणि वाचकाने वाङ्मय दिले. भिलाईला प्रथम वसाहत मिळाली. गाडी मिळाली ती वसाहतीबाहेर राहिलेल्यांना, आणि तीही मालगाडीच्या सोयीने. म्हणून तेथील प्रवासी दोन्ही दफ्तरांत अनोंद राहिला : रेल्वेच्या वर्गवारीत तो उपनगरी नाही, आणि मराठी समीक्षेच्या वर्गवारीत तो महानगरीय नाही, ग्रामीणही नाही. रेल्वेने त्याला उपनगरी म्हटले तर त्याच्या पासावर व भाड्यावर परिणाम होईल. समीक्षेने त्याचे अस्तित्व मान्य केले, तर कोणते लेखन आपण 'आपले' म्हणून शोधतो, त्यावर परिणाम होईल. दुर्ग-रायपूर गाडीच्या डब्यात बसलेल्या माणसांच्या भाषा, गोष्टी आणि गाणी यांची पद्धतशीर नोंद करणे हे काम त्या दृष्टीने हाती घेण्याजोगे आहे. त्यासाठी लागणारी मराठी, हिंदी आणि छत्तीसगडी या तिन्ही भाषांची जाण असलेला अभ्यासक शोधण्यास फार दूर जावे लागणार नाही. बहुधा तो याच मार्गावर राहत असेल.